टबातले महाराज

यार्मिलाने ओल्दाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हा माणूस जीव द्यायला निघालाय अशी तिची खात्रीच पटली. पीसेक गावच्या दगडी पुलावर, पुलावरच्या संतांच्या पुतळ्यांनीही हात खिशात घातले असते अशा डिसेंबरच्या थंडीत, एक ताडमाड तरुण कठड्यावर ओणवा होऊन खाली ओतावा नदीकडे बघत म्हणत होता, "भिऊ नका महाराज, पुढे समुद्र आहे." त्याचे कान इतके लाल झाले होते, की रात्री नदीतल्या नावाड्यांना त्यांचा दिव्यासारखा उपयोग झाला असता. यार्मिला धावली. मागून तिने त्याचा पट्टा धरला आणि अशी किंकाळी फोडली, की पलीकडच्या काठावरची बदकं तो हिवाळा दुसऱ्या गावी राहिली म्हणतात. दचकून ओल्दाच्या हातातली बादली सुटली. आधी बादलीतला कार्प मासा नदीत गेला, मग बादली.

"बादली आईची होती," ओल्दा म्हणाला.

हे त्याचं तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. पुढे त्यांचं लग्न झालं, मुलगी झाली, पण याहून हळवं वाक्य यार्मिलाच्या वाट्याला फारसं आलं नाही.

ओल्दा लिफ्ट दुरुस्त करायचा. सरळ वर जाणाऱ्या आणि सरळ खाली येणाऱ्या गोष्टींवर त्याचा विश्वास होता. भुतं, ज्योतिषी, हवामानखातं, यांपैकी कुणालाही तो मानत नसे. मानायचा तो एकाच गोष्टीला: 'टबातले महाराज' या चित्रपटाला.

तो लहान असताना नाताळच्या आदल्या दिवशी संध्याकाळी हा चित्रपट टीव्हीवर लागायचा. घर खरं, टब खरा, टबातलं पाणी खरं, मुलगा खरा. पाण्यातला कार्प मात्र चितारलेला, डोक्यावर वाकडा मुकुट, आणि बोलायला भलता शिष्ट. मुलगा त्याला पावाचा तुकडा द्यायचा, तो विचारायचा, "यावर लोणी का नाही?" पुढे दिग्दर्शक देश सोडून पळाला आणि सरकारने चित्रपट कुठल्याशा डब्यात बंद केला. पण ओल्दाचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. नाताळसाठी आणलेला कार्प घरोघरी दोन-तीन दिवस टबात पोहायचा, मग तळला जायचा. ओल्दाचा कार्प मात्र पुलावरून नदीत जायचा. लग्नानंतरही हा नेम चुकला नाही. महाराज टबात असेपर्यंत घरातली माणसं शेजाऱ्यांकडे आंघोळीला जात आणि नाताळच्या जेवणात कोंबडीची कटलेटं खात.

आता यार्मिला त्रेबोनची, कार्प पाळायच्या तळ्यांच्या गावची. तिथे नाताळात कार्प न खाणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर प्रागहून आलेला. तिचे वडील तळ्यांवर कामाला होते. नाताळ आला की चौकात पाण्याची पिंपं मांडून कार्प विकायचे. चाळीस वर्षं कटलेट चावताना तिच्या जिभेवर माहेरचा तळलेला कार्प यायचा आणि ती गप्प बसायची.

गप्प बसायला आणखी दोन कारणं होती. एक, तळ्याच्या चिखलात वाढलेला मासा हिवाळ्यात वाहत्या नदीत टाकला तर तो समुद्र सोडा, नवं वर्षही गाठत नाही, हे तळ्यावरची पोरं पाळण्यात शिकतात. दुसरं, तिला चित्रपटाचा शेवट माहीत होता. नाताळच्या आदल्या दिवशी उपास करायचा आणि पहिला तारा दिसला की जेवायला बसायचं, ही रीत. ओल्दाच्या आईची नजर तीक्ष्ण. चित्रपट संपायच्या आत तिला तारा दिसायचाच आणि टीव्ही बंद. त्यामुळे मुलगा कार्पला उचलून निघतो, इथवरच ओल्दाने पाहिलं होतं. तो नदीकडे निघालाय, हे त्याने स्वतःच ठरवलं. यार्मिलाचे वडील मात्र पिंपं धुऊन घरी यायचे तेव्हा आभाळ ताऱ्यांनी भरलेलं असायचं. तिने दरवर्षी शेवटपर्यंत पाहिलं होतं.

आणि यंदा तो चित्रपट पुन्हा लागणार होता. टीव्हीच्या साप्ताहिकात ओल्दाने त्याच्याभोवती लाल पेन्सिलीने इतके गोल काढले, की पलीकडच्या पानावरची बातमी फाटली.

"यंदा आधी पिक्चर," तो म्हणाला, "मग महाराजांना सोडू."

चित्रपट अर्ध्यावर आला तशी यार्मिला खिडकीशी गेली. "तारा उगवला! चला, बसा टेबलावर."

"ढग आहेत," ओल्दा म्हणाला.

"ढगाच्या मागे आहे."

"आई, तो पेट्रोल पंपाचा दिवा आहे," त्यांची मुलगी रादका म्हणाली. ती नाताळसाठी आली होती आणि दिवसभराच्या उपासाने करवादली होती.

"मग त्याच्यापलीकडे बघ की! डोळे फुटले का तुझे?"

"यार्मिला," ओल्दा म्हणाला, "लहानपणी दरवर्षी तारा मधे आला. आज तो थांबेल."

पडद्यावर मुलाने कार्पला उचललं. दार उघडलं. ते स्वयंपाकघराचं दार होतं. चितारलेल्या कार्पच्या रेघा हळूहळू पुसट झाल्या आणि ताटात खराखुरा तळलेला तुकडा उरला, शेजारी बटाट्याची कोशिंबीर. मुलाने तो खाल्ला. मग दुसरा मागितला. समाप्त.

रादका दचकून ताठ बसली.

"हा शेवट नंतर जोडलाय," ओल्दा म्हणाला.

"बाबा, मुलगा तोच आहे. नंतर जोडायला तेवढाच कसा राहील?"

ओल्दाने मान वळवली. "रादका दचकली. तू नाही दचकलीस."

"आमच्याकडे जेवायला उशीर व्हायचा," यार्मिला म्हणाली.

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"बादली घेऊन निघालास की शीळ घालायचास. एरवी कधी घालतोस?"

ओल्दाने थोडा विचार केला. "आणि नदीत सोडलेले?"

यार्मिलाने कोशिंबीर ढवळली. "मीठ कमी पडलंय वाटतं."

न्हाणीघरात शेपटी आपटल्याचा आवाज आला.

"तुला करता येतो?" ओल्दाने विचारलं.

"त्रेबोनच्या बाईला विचारतोस?"

तिने बाह्या वर केल्या. ओल्दाने टीव्हीचा आवाज वाढवला. बातम्या चालू होत्या. त्याने बर्फवृष्टीचा अंदाज इतका लक्ष देऊन कधीच ऐकला नव्हता.

मग ते जेवायला बसले. ओल्दाने डोळे मिटून पहिला घास घेतला, उघडून दुसरा. काटे काढत तुकडा संपवला आणि ताट पुढे केलं. "अजून आहे?"

यार्मिलाने चाळीस वर्षांची भूक एका घासात घातली आणि चावत राहिली. मग पाणी प्यायली.

"काय गं?" ओल्दाने विचारलं.

"चिखलासारखा लागतोय."

"मला नाही लागत."

तिने आपला तुकडा त्याच्या ताटात सरकवला आणि कटलेट घेतलं. तेव्हापासून नाताळला ओल्दा कार्प खातो, यार्मिला कटलेट. मासा ते बाजारातून कापूनच आणतात आणि आंघोळ घरीच करतात.