सरांनी भंडारा उचलला

माझ्या थोरल्या जावेला आम्ही सगळे अक्का म्हणतो. आखाडा बाळापूरच्या बाजारात तिच्या येसराला नाव होतं. होतं, असं लिहिताना अजून तळपायाची आग मस्तकाला जाते. पण लिहिते.

येसर म्हणजे गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ खमंग भाजून, त्यात धने, सुंठ आणि गरम मसाला घालून दळलेलं पीठ. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत येसराची आमटी नसली तर वऱ्हाडी मंडळी तोंडावर बोलून जातात. लग्नघरी पाच सवाष्णी जात्याला हळदकुंकू लावून पसाभर येसर दळतात. तेवढा मान झाला की बाकीचं मणानं लागणारं अक्काकडून जायचं. ती बाजारात पोतं उघडून बसायची, येणाऱ्या बाईच्या तळहातावर चिमूटभर ठेवायची आणि म्हणायची, चाटून बघा, नाही आवडलं तर जा. कुणी गेलेलं मी पाहिलं नाही.

अक्काचा नवरा, म्हणजे माझा थोरला दीर, मेंढरं रस्त्यापार नेताना ट्रकखाली गेला. आमचं घर मेंढरांचं. तिला लेकरू नव्हतं, माझी पोरगी तिच्याच मांडीवर वाढली. वर्षभरानं ती बाजारात बसायला लागली तेव्हा कपाळाला बारकी काळी टिकली लावायला लागली. आमच्या सासऱ्यांनी, आबांनी, बघितलं आणि काही म्हटलं नाही. बाजारात लांबलांबच्या गावची गिऱ्हाइकं, त्यांना तिच्या घरचं काय ठाऊक? ती त्यांच्यासाठी येसरवाली बाई होती, बस्स.

मग लग्नाचे आचारी तयार पाकिटं वापरायला लागले आणि गिऱ्हाईक पातळ झालं. अक्काला घोर लागला. मोबाइलवर एक सर दिसायचे, ऑनलाइन धंदा कसा वाढवायचा ते शिकवणारे. गोड बोलायचे, पांढरा सदरा घालायचे. हिंगोलीच्या एका मंगल कार्यालयात त्यांचं दिवसभराचं शिबिर झालं, त्याला अक्का गेली. सरांनी तिला उभं केलं, तिची विचारपूस केली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, या ताईंचा व्हिडिओ मी स्वतः करणार, फुकट. अक्का घरी आली ती हवेतच.

मला काही पटेना. फुकट काहून, हे मी विचारलं. माझा स्वभाव असा की कुणी जास्त गोड बोललं की मला त्यात खडा लागतो. पण घरात निर्णय आबांचा. आबा म्हणाले, माणूस घरी येऊ द्या, मी बघतो.

आबांची बघायची रीत सगळ्या भागाला ठाऊक आहे. मेंढरांच्या सौद्यात परका माणूस असला की ते ताटात भंडारा मांडतात, म्हणजे आमच्या देवाची हळद, आणि त्याला ती उचलून शपथेवर बोलायला लावतात. भल्याभल्यांची बोटं ताटापाशी अडखळलेली मी पाहिली आहेत. एकजण तर पाणी पिऊन येतो म्हणून गेला तो परत आलाच नाही.

सर गाडीनं आले, सोबत कॅमेऱ्यावाला एक माणूस. भाकरी-पिठलं मांडी घालून खाल्लं. मग आबांनी ताट पुढं केलं.

"सर, भंडारा उचला. या बाईला फसवणार न्हाई, तिच्या भल्याचंच सांगेन, असं म्हणा."

सर जराही अडखळले नाहीत. चिमूट उचलली, कपाळाला लावली, अक्काकडं बघून शब्द दिला. बोलताना त्यांचा आवाज भरून आला, डोळे ओले झाले. ते नाटक नव्हतं, हे मी आजही सांगते. आबांनी मान हलवली. माणूस खरा आहे, म्हणाले. माझीही शंका गेली. इतकं तर आमच्या सोयऱ्यांनीही कधी मनापासून म्हटलं नव्हतं.

मग सरांनी कॅमेरा लावायला सांगितला. अक्का पोतं, चाळण, जातं मांडून बसली होती. सर म्हणाले, येसराचं नंतर बोलू, आधी दादा कसे गेले ते सांगा. लोकांना तुमचं दुःख कळलं की माल आपोआप जातो. अक्का चाळण इकडची तिकडं करायला लागली. मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, ताई, ती टिकली तेवढी काढा, आणि बांगड्याही. खरं दिसायला पाहिजे.

अक्कानं आबांकडं पाहिलं. आबांनी नुकताच शब्द घेतलेला होता, ते खाली बघत बसले. तिनं टिकली काढून जात्याच्या कडेला चिकटवली आणि बोलायला लागली. ट्रक, मेंढरं, रस्त्यावर सांडलेलं रक्त, सगळं. आमच्याजवळही कधी न काढलेलं तिनं त्या कॅमेऱ्यासमोर काढलं. मी चुलीपाशी रडत होते. कॅमेऱ्यावाला सुद्धा नाक ओढत होता.

व्हिडिओ तुफान चालला. सर म्हणाले होते त्याहून जास्त लोकांनी बघितला. पुण्या-मुंबईहून पार्सलं मागवली. आमच्या घरात पोत्यानं येसर पाकिटात भरलं गेलं. पण पाकीट पोचल्यावर लोकांचे फोन यायचे, हे खायचं कसं? त्यांनी येसर मागवलंच नव्हतं, त्यांनी अक्काची कीव केली होती. कीव माणूस एकदा करतो. दुसऱ्यांदा कुणी मागवलं नाही.

आणि मग बाजार. कळमनुरीकडची एक बाई दरसाल घरातल्या कुठल्या ना कुठल्या लग्नाचं येसर न्यायची. ती आली. अक्कानं टिकली परत लावलेली होती, चिमूटभर येसर तिच्या हातावर ठेवायला गेली. बाईनं हात मागं घेतला. म्हणाली, बाई, मला ठाऊकच नव्हतं वो. मोबाइलात बघितलं, लई वाईट वाटलं. मग जरा थांबून म्हणाली, शुभकार्य हाय घरात, सासूबाईला विचारून येते. आणि मिरचीच्या ढिगामागून निघून गेली. वाईट बोलली नाही, भांडली नाही. भांडली असती तर मी तिच्या झिंज्या धरल्या असत्या. पण तिच्यामागं दुसरी तशीच गेली, मग तिसरी. लग्नाचं येसर विधवेच्या हातचं नको, हे कुणी तोंडानं म्हटलं नाही. सगळ्याजणी सासूबाईला विचारायला गेल्या. त्या हंगामात पोतं भरून बाजारात यायचं आणि तसंच भरलेलं घरी जायचं.

मी सरांना फोन लावला. शिव्या द्यायच्या म्हणूनच लावला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, त्यांना खरंच वाईट वाटलं. मग म्हणाले, ताई, यावरच दुसरा व्हिडिओ करू, समाजानं कसं टाकलं ते अक्कांनी सांगायचं, पहिल्यापेक्षा जास्त चालेल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"सर, तुमी सोता कधी बाजारात बसून काही विकलं का?"

"नाही ताई," ते सरळ म्हणाले. "मी शिकवतो. विकायचा मला अनुभव नाही. तुम्ही कुणी विचारलंच नाही."

खरं बोलले. तेव्हाही खरंच बोलले असते. भंडारा उचललेला माणूस, त्यानं आम्हाला एका शब्दानं फसवलं नव्हतं. मेंढरू घेताना त्याचे दात, पाठ, खूर आम्ही हातानं बघतो, त्यातलं आम्हाला कळतं. मग समोरचा खोटं बोलतो का एवढंच उरतं, आणि त्याला भंडारा पुरतो. सरांच्या धंद्यातलं आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं, आणि आम्ही त्यांचं मन तेवढं तपासून मोकळे झालो. त्यांना येसर म्हणजे काय, ते कुणाच्या घरी, कुठल्या दिवशी लागतं, एवढं जरी विचारलं असतं तरी पुरे होतं. आबांना मी हे सांगितलं. त्यानंतर सौद्याला ते जात नाहीत, माझ्या नवऱ्याला पाठवतात.

सरांनी व्हिडिओ काढून टाकला. पण तो किती जणांच्या मोबाइलात उतरला होता, कोण मोजणार.

यंदा माझ्या पोरीचं लग्न ठरलं, औंढ्याजवळचं घर. विहीणबाईंनी फोनवर बाकी सगळं बोलून झाल्यावर हळूच काढलं. व्हिडिओ त्यांनीही पाहिला होता. अक्कांचं फार वाईट झालं म्हणाल्या, पण पंगतीचं येसर तेवढं दुकानातून घ्या, आमच्याकडची म्हातारी माणसं मानतात. मी तिथंच बोलणार होते. अक्कानं माझ्या हातातला फोन घेतला आणि व्हय व्हय, दुकानातूनच घेऊ म्हणाली.

त्या दिवशी मी तिच्याशी भांडले. म्हटलं, पोरगी तुझ्या मांडीवर वाढली, तिच्या लग्नात दुकानाचं पीठ घालू? मी जेवणारच नाही. ती उठली, कढई चुलीवर ठेवली.

"भाजते मी. पण कुणी विचारलं तर हिंगोलीहून आणलं म्हणायचं. पोरीला नांदायचं हाय."

मी कबूल झाले. दुसरं काय करणार होते? पिठाची पोती गुपचूप आचाऱ्याकडं पोचवली. लग्नाच्या दिवशी आमटीचा वास मांडवाच्या बाहेर रस्त्यापर्यंत गेला. माणसं वाटीवर वाटी मागत होती. अक्का बायकांच्या पंगतीत शेवटी बसली होती, तिच्यासमोर विहीणबाई. त्यांनी आमटी भुरकली, पुन्हा वाढून घेतली आणि म्हणाल्या, असं येसर मी आयुष्यात खाल्लं नाही, कोणत्या दुकानाचं हो? आमालाबी सांगा.

मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. अक्कानं माझ्याकडं बघितलंही नाही.

"हिंगोलीत मिळतंय," ती म्हणाली, आणि भाकरी कुस्करून जेवायला लागली.