ऑक्सिजनचा आग्रह

आमच्या वॉर्डात पेशंटला भेटायला आलेला माणूस उशाशी केळी ठेवतो, पायाशी टेकतो, दोन गोष्टी बोलतो आणि उठताना भिंतीवरचा ऑक्सिजन जरा फिरवून जातो. वरच फिरवतो. खाली फिरवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

भिंतीवर काचेची एक उभी नळी असते, तिच्यात छोटी गोळी. ऑक्सिजन वाढवला की गोळी वर चढते आणि खालच्या बाटलीतलं पाणी खळखळायला लागतं. गोळी जितकी वर, तितका जीव सुखात, असं आमच्या जिल्ह्यात पक्कं ठरून गेलंय. पंगतीत "नको नको" म्हणणाऱ्याच्या ताटात भाकरी टाकतात ना, तसला हा आग्रह. मावशी आली, तिनं थोडा वाढला. दीर आला, त्यानं थोडा वाढला. गोळी खाली दिसली की टोमणे सुरू: "काय ओ मॅडम, गोळी कावून पडलीय? लाईटबिल भरलं न्हाई का दवाखान्यानं?"

मी रेस्पिरेटरी थेरपिस्ट. माणसाचा श्वास, त्याला लागणारा ऑक्सिजन, श्वासाची मशीनं, हे माझं काम. पण सरकारी कागदावर हे नाव कुठंच नाही. मी 'तंत्रज्ञ', तीही कंत्राटी. वॉर्डात मला 'मशीनवाली' म्हणतात. नातेवाइकांत मी नर्स. ते दुरुस्त करायचं मी सोडून दिलंय.

अब्बांचं सिरसाळ्याला रस्त्यालगत गॅरेज आहे. पंक्चर, इंजिन, ट्रॅक्टर, जे येईल ते. पुण्याच्या कॉलेजात नंबर लागला तेव्हा त्यांनी विचारलं, शिकवणार काय? मी सांगितलं, ज्याला श्वास घेता येत नाही त्याला मशीननं हवा द्यायची. अब्बा हसले. "मतलब धंदा वहीच. मैं टायरां में हवा भरतूं, तू लोगां में भर." पुढं गॅरेजवर येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हेच सांगितलं आणि आमच्या गावात माझ्या शिक्षणाची एवढीच माहिती आहे.

कॉलेजात पहिल्याच आठवड्यात सरांनी आम्हाला नाक दाबून, तोंडात सरबताची नळी धरून जिना चढायला लावला. श्वास फक्त नळीतून. वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत दोघी रडायला लागल्या, एकानं नळी फेकून दिली. सर म्हणाले, तुम्हाला नळी फेकता येते. ज्याची फुप्फुसं धुरानं गेली त्याला फेकता येत नाही. तो मरेपर्यंत हाच जिना चढतो. मग फळ्यावर त्यांनी एकच वाक्य लिहिलं: ऑक्सिजन हे औषध आहे, त्याला मात्रा असते.

मी शिकत होते तेव्हाच कोरोना आला. कॉलेज बंद, मी घरी. तेव्हा आमच्या भागात लोक सिलिंडरसाठी कसे पळाले हे मी सांगायची गरज नाही, ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला विचारा. मी तेव्हा युवक संघटनेत होते. पत्रक कसं लिहायचं ते मला तिथं शिकवलं गेलं. एक पान. पहिल्या ओळीत दोषी कोण. मधे रडगाणं नको. शेवटी मागणी. मी लिहिलं: 'ऑक्सिजन ही भीक नाही, आमचा हक्क आहे.' ते पत्रक आम्ही गावोगाव वाटलं, लिंबागणेशच्या देवळापासून पार शिरूर कासारच्या बसस्टँडपर्यंत. ते पत्रक बरोबर होतं. आजही त्यातला शब्द मी मागं घेणार नाही.

पण पुढं काय झालं बघा. लाट ओसरली आणि पुढाऱ्यांना कळलं की सिलिंडरचा फोटो चांगला येतो. आमच्याकडच्या एका नेत्यानं मोफत सिलिंडर सुरू केले. एक फोन करा, सिलिंडर दारात. प्रत्येक सिलिंडरवर त्याचा हात जोडलेला फोटो चिकटवलेला. मी नोकरीला लागल्यावर आम्ही काही जण त्याच्याकडं निवेदन घेऊन गेलो. म्हटलं, साहेब, मशीनं आलीत, ती चालवायला शिकलेली माणसं भरा. प्रत्येक दवाखान्यात एक तरी.

तो सोफ्यावर मागं रेलून म्हणाला, "ताई, ऑक्सिजन मी पायजे तेवढा देतो. माणूस कशाला लागतो? बटन फिरवायला?"

सोबतचे सगळे हसले. चहा आला. चहा चांगला होता.

माणूस कशाला लागतो, ते मला त्याच वर्षी दिवाळीनंतर दिसलं.

शिरूर कासारकडची एक बाई वॉर्डात आली. ऊसतोड करणारी, पन्नाशीची, दिसायला सत्तरीची. आयुष्यात बिडी ओढलेली नाही. पण लग्न झाल्यापासून दर हंगामात कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या त्या बुटक्या झोपडीत, ओल्या लाकडांच्या चुलीपुढं बसलेली. फुप्फुसं धुरानं संपलेली. मी तिला मावशी म्हणायचे. नाकाशी बारीक नळी, गोळी अगदी खाली, वाफेचं औषध. हळूहळू तिला बोलता यायला लागलं. वाक्याच्या मधे थांबत थांबत का होईना, पण बोलायची भारी.

"ह्या सालाला मी न्हाई जायची उसाला," ती म्हणाली. "ल्योक-सून जातेत. मी घरी राहणार. नात सातवीत हाय. मी घरी असले, तर ती शाळेत. मी नसले, तर ती फडात."

एवढं सरळ गणित. कुठल्याही पत्रकात मला ते इतकं नीट मांडता आलं नसतं.

मी तिला आणि तिच्या मुलाला नीट सांगितलं होतं. अशा फुप्फुसाला ऑक्सिजन थोडाच द्यायचा. बोटाला लावतो त्या यंत्रावर नव्वदच्या आसपास आकडा आला की बस. जास्त दिला तर शरीर श्वास बाहेर टाकायचा आळस करतं, आतली घाण हवा आतच साचते आणि माणूस गुंगीत जातो. मुलगा मान हलवत होता. तिशीचा, गरीब स्वभावाचा. दोन-तीन दिवसांत घरी सोडू, असं डॉक्टर म्हणाले होते.

मग टोळी निघाली.

कारखान्याला जाणारा ट्रॅक्टर दवाखान्याच्या गेटाबाहेर थांबला. हांडे, गोधड्या, कोंबड्या, सगळं लादलेलं. टोळीतल्या माणसांनी वाट वाकडी करून तिला भेटायला यायचं ठरवलं होतं. आता गाठ पडणार ती थेट हंगाम संपल्यावर, मग असं कसं जायचं? रांगेनं आत आले. कुणी पायावर हात ठेवला, कुणी कपाळावर. आणि जाताना प्रत्येकानं गोळी थोडी वर सरकवली. निरोपाची भेट म्हणून. मी तेव्हा प्रसूती विभागात होते. एका बाळंतिणीला दम लागला होता. अख्ख्या दवाखान्यात हे काम शिकलेली मी एकटी.

परत आले तर गोळी टोकाला, बाटली नुसती उकळत होती. मावशी डोळे मिटून शांत. तिचा भाऊ, म्हणजे त्या मुलाचा मामा, उशाशी बसलेला. मुकादमाच्या हाताखाली काम करणारा, आवाजी माणूस. माझ्याकडं बघून खुश झाला. "बगा मॅडम, तुमच्या नव्वदचं काय घिऊन बसलात? नव्व्याण्णव! आमच्या घरात बोर्डात कुनाला एवढे मार्क पडले न्हाईत. आन किती दिसांनी झोप लागलीय तिला."

मी तिचा हात धरला. गरम, घामेजलेला. हाक मारली. चिमटा काढला. डोळा अर्धा उघडला आणि मिटला.

मी गोळी खाली आणली. मामानं माझं मनगट धरलं.

"हात काढा. झोपलीय ती."

"ही झोप नाही मामा, गुंगी आहे. आत घाण हवा कोंडलीय."

"मंग चांगली हवा सोडा की आनखी!"

"तुमच्या कोपीत धूर कोंडला तर तुम्ही काय करता? दार उघडता ना? हिचं दार उघडायला मशीन लागेल. तोंडावर मास्क बसवायचा, मशीन तिच्या श्वासाला जोर देतं, धूर बाहेर. थोड्या तासांत शुद्धीवर येईल."

'मशीन' म्हटल्यावर मुलगा उभाच राहिला. मामाचा आवाज वॉर्डभर गेला. "मशीन न्हाई लावायची! हिचा नवरा, आमचे दाजी, कोरोनात मशीनवरच गेलते. मशीन लावलेलं मानूस घरी आलेलं दाखवा मला एक!"

मी दाखवू शकले असते. पण त्याच्या गावात नाही. त्याच्या गावात खरंच कुणी आलं नव्हतं. तेव्हा मशीनं होती, चालवणारं कुणी नव्हतं. माणूस संपत आला की शेवटचं म्हणून लावायचे. मारत होता उशीर आणि नाव झालं मशीनचं. हे त्यानं कुठून ओळखावं?

डॉक्टर आले. त्यांनी तेच सांगितलं, माझ्यापेक्षा मऊ शब्दांत, हात जोडून सांगितलं. मुलगा एकदा आईकडं, एकदा मामाकडं बघत होता. मग माझ्याकडं वळला. "ताई, कोरोनात आमच्या गावात पत्रक वाटलं ते तुमीच ना? ऑक्सिजन आमचा हक्क म्हून? म्या ते घरात चिटकवलंतं. मंग आता आमच्या आईचाच ऑक्सिजन कावून कमी करायलात?"

मी त्याला उत्तर दिलं. बरोबर उत्तर दिलं. हक्क ऑक्सिजनचा होता, तो नीट देणाऱ्या माणसाचाही होता, दुसरा हक्क त्यांनी तुम्हाला दिलाच नाही, त्याच्या जागी सिलिंडर दिला. असं सगळं बोलले. सभेत टाळ्या पडल्या असत्या. तो आईच्या पायावरची चादर सारखी करायला लागला.

मामानं एक फोन केला. चहा संपायच्या आत सिलिंडर आला, हात जोडलेल्या फोटोसकट. "घरी नेतो. जे व्हायचं ते आपल्या दारात हुईल." डॉक्टरांनी सही घेतली. दुसरं काय करणार?

टेम्पोत तिला ठेवलं तेव्हा मी वर चढले. सिलिंडरची गोळी खाली आणली, मुलाचं बोट धरून दाखवलं. "इथं. फक्त इथं. हिला हाका मारत राहा. आणि वाटेत जरी मन बदललं, तरी टेम्पो वळवा, मी इथंच आहे." तो हो म्हणाला. खरंच मनापासून म्हणाला. मी उतरले. टेम्पो गेटातून वळला तेव्हा मागच्या उघड्या बाजूनं मला मामाचा हात दिसला. सिलिंडरच्या चावीवर.

मी ओरडले. टेम्पोचं इंजिन अब्बांच्या गॅरेजला न्यावं असं होतं. कुणाला काही ऐकू गेलं नाही.

दहावा-तेरावा उरकल्यावर मुलगा सिलिंडर परत द्यायला आला. खरं तर तो त्या नेत्याच्या ऑफिसात द्यायचा असतो. पण त्यानं दवाखान्यात आणला. डोकं भादरलेलं, टोपी घातलेली. सिलिंडर खांद्यावरून उतरवून त्यानं भिंतीला नीट टेकवला, फोटोची बाजू पुढं करून.

"घरी पोचली," तो म्हणाला. "दारात टेकवली आन मंग गेली. झोपेतच. तळमळली न्हाई जरा पन."

मी वाकून सिलिंडरची चावी तपासली.

"शेवटपतुर कमी पडू दिलं न्हाई, ताई. गोळी टोकालाच हुती. माझ्या बापाच्या टायमाला, मशीनवर जायच्या आधी, एक सिलिंडर भेटला न्हाई. तेवढं तरी आईचं झालं." मग खाली बघत, "बराबर केलं ना आमी?"

मी पत्रकं लिहिणारी बाई आहे. कलेक्टरला तोंडावर खोटारडा म्हटलंय मी. पहिल्या ओळीत दोषी कोण ते लिहायचं, हे माझं शिक्षण. आणि समोर उभ्या असलेल्या त्या माणसाला मी म्हटलं, "तुम्ही तुमच्याकडून काही कमी केलं नाही, दादा."

त्याचे खांदे खाली आले. त्याला तेवढंच हवं होतं.

"नात?" मी विचारलं.

"संगं घेतलीय उसाला. घरी ठिवायची कुनापाशी? भाईर हाय, ट्रॅक्टरवर." जणू बाजाराला चालली आहे, असं सांगितलं त्यानं. मी खिडकीतून पाहिलं नाही.

तो निघाला. दाराजवळच्या खाटेवर एक म्हातारा होता, तसलाच, धुरानं गेलेला, छाती भात्यासारखी हलणारी. सोबत कुणी नव्हतं. मुलगा त्याच्यापाशी थांबला. उशाजवळचा घसरलेला टॉवेल त्यानं सरळ केला. मग वर बघितलं, हात लांबवला आणि गोळी थोडी वर सरकवली.

तो गेटाबाहेर जाईपर्यंत मी थांबले. मग जाऊन ती खाली आणली.