मधलं फूल

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसाठी चौकातली मोठी रांगोळी यंदा आईकडे आली आणि मी नको तिथे हुशारी करायला गेलो. आईने कागदावर काढलेल्या ठिपके-रेषा कॉम्प्युटरला दिल्या की कोणत्या घरात कोणता रंग भरायचा, याचा नकाशा रंग भरणाऱ्या सगळ्या बायकांच्या मोबाइलवर पाठवतो, असं मीच सांगून बसलो.

त्यासाठी एक तयार लायब्ररी होती, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला प्रोग्राम. तिची रीत सोपी. एका ठिपक्यावरून रेषा धरून निघायचं, प्रत्येक ठिपक्याला सगळ्यात डावीकडच्या रेषेवर वळायचं, निघालो तिथे परत पोचलो की एक घर पूर्ण. कडेची घरं बरोबर आली. मधल्या फुलात मात्र घरं एकमेकांवर चढली, लाल पिवळ्यात घुसला. दोन दिवस डोकं खाजवलं आणि शेवटी आईवर घसरलो. तिच्या मैत्रिणी चहाला बसल्या होत्या, त्यांच्यासमोरच.

"आई, फुलातल्या रेषा तू चुकीच्या काढल्यायस."

ते फूल तिला तिच्या आईने शिकवलेलं. ती कागदाकडे बघत राहिली. "असेल बाबा," म्हणाली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ठाण्याच्या ऑफिसात मी त्या लायब्ररीची माहिती पहिल्यांदा नीट वाचली. सुरुवातीलाच लिहिलं होतं, रेषांनी ठिपक्याखेरीज कुठेही एकमेकींना छेदायचं नाही. फुलाच्या पाकळ्या तर अधेमधेच एकमेकींना ओलांडत होत्या. तिथे जास्तीचे ठिपके मी द्यायला हवे होते. नाचता येईना अंगण वाकडं. फोन केला, आईने उचलला नाही. हात रंगात असणार.

संध्याकाळी डोंबिवलीला उतरून चौकात पोचलो, तर रांगोळी भरून होत आलेली. मधे फूल नव्हतंच. साधी चांदणी होती, एकही रेषा दुसरीला न ओलांडणारी. आई शेजारणीला सांगत होती, "इतकी वर्षं चुकीचंच काढत होते गं. मुलाने दाखवलं तेव्हा कळलं." वर कौतुकाने. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोरच सांगितलं, की फूल बरोबर होतं, चूक माझी होती. आई हसली. आता कुठे पुसत बसायचं, म्हणाली.

पाडव्याच्या सकाळी ती आमच्या दारापुढे रांगोळी काढायला बसली. ठिपके भराभर मांडले. पहिली पाकळी दुसरीला ओलांडायच्या जागी आली आणि चिमूट तशीच धरून तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"बघ रे, बरोबर येतंय ना?"