सफियाने न सोडलेला शब्द

ओमानमधल्या सीब गावातल्या एका दवाखान्यात नोंदणीच्या काउंटरवर सफिया अकरा वर्षं बसत होती. कार्ड घ्यायचं, नंबर द्यायचा, खोली सांगायची. दिवसाला दीडशे-दोनशे माणसं समोरून जात, पण तिच्याशी बोलायला कुणी थांबत नसे. मी रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी महिन्यातून एकदा जायची. २०१६च्या फेब्रुवारीत तिच्या रजिस्टरखाली इंग्रजीत लिहिलेले कागद मला दिसले. विचारलं, तर आधी तिने ते झाकले. मग मी तिच्या गोष्टींचं इंग्रजी तपासून देईन का, असं हळूच विचारलं.

तेव्हापासून दर मंगळवारी, तिसऱ्या प्रहरची असरची नमाज झाली की ती आमच्या फ्लॅटवर येऊ लागली. माझा मुलगा राजीव सातच्या आत कामावरून येत नसे, आणि हे गेल्यापासून यांची खुर्ची तशीही रिकामीच होती. सफिया मला ‘बीबी’ म्हणायची. पहिल्यांदा मला ते विचित्र वाटलं. तिने हसत सांगितलं की स्वाहिलीत बीबी म्हणजे आजी.

स्वाहिली ही तिची घरची भाषा. आजी-आजोबा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून इथे आलेले. पण दाराची बेल वाजली की तिची आई जमिला वाक्य अर्ध्यावर तोडून अरबीवर यायची. आपण अरब आहोत, कागदावर तसं लिहिलंय, विषय संपला, असं आईचं म्हणणं. वडील गेल्यापासून घरात या दोघीच. सफियाच्या गोष्टी त्या बंद दाराआडच्या भाषेबद्दल असायच्या. आईला इंग्रजी येत नव्हतं, दवाखान्यात कुणाला आवड नव्हती. त्या गोष्टींना वाचक अशी मी एकटीच.

२०१९च्या जानेवारीत ती एक अर्ज घेऊन आली. इंग्लंडमधलं एक विद्यापीठ कृष्णवर्णीय लेखकांना पीएच.डी. करायला पूर्ण खर्चासह तीन वर्षं बोलावत होतं. प्रबंध म्हणून कादंबरी लिहायची आणि तिला जोडून एक दीर्घ निबंध. गोष्टी लिहून डॉक्टरेट मिळते हे मी प्रथमच ऐकत होते. आपण कोण आणि काय लिहिणार, हे दोन पानांत सांगायचं होतं. तिने लिहिलं होतं, मी टाइप करून ठेवायचं कबूल केलं.

पुढच्या मंगळवारी ती माझी पानं मोठ्याने वाचायला लागली आणि दुसऱ्याच ओळीवर थांबली.

“बीबी, ही कोण?”

“तूच की.”

“मी ‘ब्लॅक’ लिहिलं होतं. इथे ‘डस्की’ आहे. पाच ठिकाणी.”

मी म्हटलं, ऐकायला बरं वाटतं. आमच्याकडे मुलगी काळी असली तरी स्थळाच्या पत्रात ‘सावळी, नाकीडोळी नीटस’ असंच लिहितात. काळी म्हटलं तर मुलीला लागतं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनीही मला तोच इंग्रजी शब्द शिकवला होता.

“डस्क म्हणजे तिन्हीसांज ना? मग मी काय, साडेसहा वाजताची आहे?”

मला हसू आलं, तिला आलं नाही. ती म्हणाली, “शाळेत मुली ‘काळी’ म्हणूनच मला चिडवायच्या. घरी तो शब्द कुणी उच्चारत नाही. फक्त इंग्रजीत मी तो पहिलं अक्षर मोठं करून, नावासारखा लिहू शकते. तो काढू नका.”

मी पाचही ठिकाणी ‘ब्लॅक’ पुन्हा टाइप केलं.

मेच्या सुरुवातीला निवडीचं पत्र आलं. रजेच्या अर्जाला ते जोडायचं होतं, म्हणजे शिष्यवृत्ती कुणासाठी आहे हे दवाखान्यात सगळ्यांना कळणार होतं. सफियाने आईला सगळं सांगितलं आणि आईने मला भेटायला बोलावलं. सफियाला जायचंच होतं, पण आईच्या परवानगीने जायचं होतं. त्या घरात आईला दुसरं कुणीच नव्हतं.

जमिलाने हलवा पुढे केला, कहवा ओतला. मग माझ्याकडे वळून ती भराभरा बोलू लागली. माझं अरबी बाजारापुरतं, ‘यल्ला’ म्हणजे चला आणि ‘खलास’ म्हणजे झालं, एवढं. एकच शब्द पुन्हा पुन्हा कानावर पडत होता, ‘सौदा’. मला वाटलं, मुलीच्या बदल्यात विद्यापीठ काय मागतंय, हा कसला सौदा, असं ती विचारते आहे. सफिया काही सांगण्याआधीच मी घाईने बोलून गेले, “मा फी सौदा.” यात कसलाही सौदा नाही, असं मला म्हणायचं होतं.

जमिलाचा चेहरा एकदम निवळला. तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला, “अल्हम्दुलिल्ला” म्हणाली आणि सफियाच्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, काम झालं.

सफिया मात्र माझ्याकडे बघत होती. तिने मला इंग्रजीत सांगितलं, “सौदा म्हणजे काळी बाई. आई विचारत होती, माझ्या मुलीने स्वतःला असं का म्हणवून घ्यायचं. तुम्ही म्हणालात, अशी कुणी नाहीच.”

सफिया गप्प राहिली असती तरी चाललं असतं. परवानगी मिळालीच होती, आणि आई इंग्रजी पत्र कधी वाचणार नव्हती. मी तिला तेच म्हटलं, राहू दे. सफियाने नकारार्थी मान हलवली. आईशी ती अरबीत नाही, स्वाहिलीत बोलली, आणि अगदी थोडं; मी चुकले आणि ती काळीच आहे, एवढंच सांगत असणार. जमिलाने माझा हात सोडला. उठून आत गेली आणि दार लावून घेतलं.

सप्टेंबरमध्ये सफिया आईच्या परवानगीशिवायच गेली. दवाखान्यात लोकांनी दोन दिवस कुजबुज केली आणि सोडून दिली. विमानतळावर मी आणि राजीव दोघंच होतो. ती आत जाईपर्यंत दोनदा मागे वळली, पण आमच्याकडे नाही, बाहेरच्या दाराकडे.

तिथून तिची पत्रं ईमेलवर येतात. पाऊस आहे, खोली लहान आहे, वर्गात तिला अरब समजतात. आईला फोन केला तर ती उचलते, सलाम घेते आणि ठेवून देते.

डिसेंबरमध्ये एका सकाळी जमिला आमच्या दारात आली. हातात लोकरीची जाड शाल होती, घडी घातलेली. माझ्याकडे देऊन ती काहीतरी विचारू लागली, एकच वाक्य, दोन-तीनदा. लेकीला थंडी सोसते का, असं असेल. ती परत कधी येणार, असंही असेल. घरात अरबी समजणारं कुणी नव्हतं. एक-दोन अरबी शब्द मला सुचले होते, पण मागच्या वेळचा ‘सौदा’ आठवून मी ते बोलले नाही. शाल हातात घेऊन नुसती मान हलवली, आणि ती जिना उतरून गेली.