मुरुमचे डोके, साताऱ्याचे धड

सातारा स्टँडवर सोलापूरची गाडी लागली तेव्हा माझ्या पिशवीतून दोन निळे पाय बाहेर डोकावत होते. पाय प्लास्टिकचे होते, त्यांच्यावर रुंद छातीचे धड होते आणि धडाला डोके नव्हते. डोके मुरुमला होते. ते आणायलाच मी उस्मानाबाद जिल्ह्यात निघालो होतो.

प्रवासाचे कारण आधी सांगितलेले बरे, नाहीतर वाचक भलतीच शंका घेतील. माझे वय पन्नासला टेकले आहे, दोन मुली सासरी नांदताहेत आणि मला महाबली जमवण्याचा छंद आहे. महाबली म्हणजे विलायती चित्रकथांतले ते उडणारे, डोंगर उचलणारे वीर. त्यांच्या हातपाय वळणाऱ्या मूर्ती निघतात. काही भाच्याने कुवेतहून आणल्या, काही जुन्या बाजारात मिळाल्या. मिळाला तसा मी एकही ठेवत नाही. रंग बदलतो, पट्टा चढवतो, एकाचा तुटका हात दुसऱ्याच्या चांगल्या हाताने बदलतो. या सगळ्यांत मोठा, बारा सांध्यांचा महाबली मला सोलापूरच्या जुन्या बाजारात मिळाला, पण बिनडोक्याचा. कित्येक वर्षे तो कपाटात तसाच उभा होता.

मग एका मासिकाच्या छंदांच्या सदरात माझे पत्र छापून आले आणि मुरुमच्या श्री. गायकवाडांचे उत्तर आले. ते तिथल्या सहकारी दूध डेअरीत दुधाचे फॅट तपासतात आणि फावल्या वेळात माझेच उद्योग करतात. त्यांना उमरग्याच्या आठवडी बाजारात एका बोहारणीच्या टोपलीत नेमके या महाबलीचे डोके सापडले होते. आम्ही मानेच्या खोबणीचे माप एकमेकांना कळवले. केसांचा रंग कळवला. हनुवटीवरची खळीसुद्धा चित्र काढून कळवली. शेवटी गायकवाडांनी लिहिले, 'या एकदा, जोडून टाकू.'

मी त्याच दिवशी महाबलीसाठी शिसवीच्या लाकडाची बैठक करायला टाकली. आमच्या सौ.कडे तिच्या जांभळ्या मखमली पोलक्याचा उरलेला तुकडा मागितला, त्याच्या पाठीवरच्या झुलीसाठी. ती म्हणाली, "आधी मुंडकं आणा, मग बघू."

सोलापुरात मेहुण्यांकडे मुक्काम करून सकाळी मुरुमवरून उमरग्याला जाणारी गाडी धरली. यंदा या भागात पावसाने पाठ फिरवली आहे. दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळून पडलेली, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन तिथेच वाळलेली. रस्त्याच्या कडेला रोजगार हमीच्या कामावर बाया खडी फोडत बसल्या होत्या. पिशवी मांडीवर घेऊन मी हे पाहत असताना कंडक्टर शेजारी येऊन थांबला. त्याने धडावरचा टॉवेल बोटाने बाजूला केला.

"ह्यो कोण?"

"मूर्ती आहे. डोकं मुरुमला आहे."

"तिकीट?"

"अहो, याला डोकं नाही."

"डोकं नसल्याली मान्सं फुकट न्यायची म्हनली तर आमची अर्धी गाडी फुकट जाईल वो," तो म्हणाला आणि पुढे गेला. त्यानंतर अर्ध्या गाडीने मान वळवून आम्हाला पाहिले. मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने खात्री करून घेतली, "मुंडकं बसवल्यावर चालतो का?"

"नाही."

"मग कशाला बसवायलाव?"

मी टॉवेल पुन्हा धडावर ओढून घेतला.

अणदूरला गाडी तापली. इंजिनातून वाफ निघू लागली आणि ड्रायव्हर डबा घेऊन पाण्याला गेला. एरवी पाच मिनिटांचे काम, पण या वर्षी अणदूरला डबाभर पाणी मागणे म्हणजे कुणाच्या चुलीवरची भाकरी मागणे. आडावर कोणी कधी पाणी भरायचे याच्या पाळ्या लागलेल्या होत्या आणि आमच्या गाडीची पाळी सर्वांत शेवटी होती. म्हणून मी खंडोबाच्या देवळात गेलो.

देऊळ नेटके आहे, पण गाभाऱ्यात देवाची जागा रिकामी. एक आजी त्या रिकाम्या जागेवर भंडारा (हळदीची पूड) वाहत होत्या. मी विचारले, "आजी, देव कुठं आहेत?"

"नळदुर्गाला गेल्यात."

मला वाटले चेष्टा आहे. पण नाही. देव एकच आणि गावे दोन. वर्षातले बरेच महिने तो अणदूरला असतो आणि थंडीत नळदुर्गाला जातो. दोन्ही गावांची माणसे समोरासमोर बसून करार करतात, मग पालखी निघते. भांडण नाही, तंटा नाही.

"पण मग आत्ता तुम्ही भंडारा कुणाला वाहताय?"

आजींनी माझ्याकडे पाहिले. नातवाला पाहावे तसे पाहिले. "घरधनी गावाला गेला म्हनून कोन उंबरा झाडायचं सोडतं का, बाबा?"

तेवढ्यात गाडीचा भोंगा वाजला आणि मी पळालो.

मुरुमला गायकवाड स्टँडवरच उभे होते. उंच, सडपातळ, इस्त्रीचा सदरा. मला त्यांनी नमस्कार केला, पण नजर पिशवीवर होती. "आलं का?"

"आलं. तुमचं?"

"घरी हाय. डब्यात, कापसात."

त्यांचे घर माळवदाचे (मातीच्या सपाट छताचे), आत गार. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखालच्या फळीवर त्यांचे वीर. मी बैठकीवर टेकायच्या आधी फळीपाशी गेलो. आमचे महाबली शहरातल्या इमारतींवरून उडतात. गायकवाडांच्या महाबलींना उडायला सवड नव्हती. एकाच्या हातात टिकाव होता. एकाने खांद्यावर दुधाचा कॅन घेतला होता आणि त्याची झूल गोणपाटाची होती. एका अतिशय दणकट महाबलीने पत्र्याचा छोटा टँकर डोक्यावर उचलून धरला होता.

"हा टँकरराव," गायकवाड म्हणाले. "डेअरीत दूध आटलंय, म्हणून हाताला वेळ हाय. न्हायतर इतके कुठले झाले असते?"

"यांना मखमल का नाही?"

"दुष्काळात मखमल घालून कोण हिंडतंय?"

वहिनींनी, म्हणजे सुशीलाबाईंनी, आधी जेवायला बसवले. शेंगोळे (हुलग्याच्या पिठाचे वळे घालून केलेली झणझणीत आमटी), भाकरी, कांदा. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आले. वहिनी म्हणाल्या, "यंदा आमच्याकडं पानी डोळ्यातनंच काढावं लागतंय, भाऊ. खावा." मी तीन वेळा वाढून घेतले.

मग शस्त्रक्रिया. मानेचे मूळ रबर कधीच कुजून गेले होते. गायकवाडांनी दुधाच्या कॅनच्या झाकणाची जुनी रबरी कडी बारीक कापून ठेवली होती. मी धड धरले, त्यांनी डोके धरले आणि वहिनींच्या क्रोशाच्या सुईने रबर आतून ओढून घेतले. टक् असा आवाज झाला. महाबलीने मान वळवली आणि कोपऱ्यातल्या रांजणाकडे पाहू लागला. इतका देखणा तो असेल असे मला वाटले नव्हते.

मी टॉवेल पसरला. त्याच क्षणी गायकवाडांनी फळीवरच्या टँकररावाला बाजूला सरकवून जागा केली.

मी टॉवेलकडे पाहिले, त्यांनी फळीकडे पाहिले. माप लिहिले होते, रंग लिहिला होता, खळीचे चित्र काढले होते. जोडल्यावर तो कुणाच्या घरी राहणार, एवढे मात्र दोघांनीही लिहिले नव्हते. मला वाटले होते ते डोके देणार आहेत. त्यांना वाटले होते मी धड द्यायला आलो आहे.

"साळुंखे साहेब," ते सौम्यपणे म्हणाले, "डोकं ज्याचं, मानूस त्याचा. आमच्या डेअरीच्या ओळखपत्रावर फोटू मुंडक्याचा लावतेत, पोटाचा न्हाय."

"गायकवाड, बाराच्या बारा सांधे माझे आहेत. आणि गणपतीचं काय? डोकं हत्तीचं मिळालं, म्हणून तो हत्तीच्या घरी राहायला गेला का?"

"तो देवाचा मामला हाय. हितं मानसाचं बोला."

"मग माणसाचंच बोलतो. धडाशिवाय डोकं म्हणजे नारळ."

"अन् डोक्याशिवाय धड?"

मला गाडीतला कंडक्टर आठवला.

चहा झाला, तरी तिढा तसाच. माझ्या डोळ्यांसमोर शिसवीची बैठक होती. आळीतल्या चार जणांना मी रविवारी बघायला बोलावलेही होते. तिकडे गायकवाड पुन्हा पुन्हा फळीवरची मोकळी जागा पुसत होते. परत वेगळे करावे, तर रबर इतके घट्ट बसले होते की मानच फाटली असती. शेवटी वहिनी सूप खाली ठेवून बाहेर आल्या.

"अणदूर-नळदुर्गाचं कसं चालतं?"

गायकवाड म्हणाले, "अगं, आपण देव मानत न्हाय."

"देव न्हाय मानत. पन करार शहान्या मान्सांनी केलाय, त्यो मानाया काय झालं? काही म्हयने हितं, काही म्हयने साताऱ्याला. हिरीचं पानी पाळीनं घेताव, टँकर पाळीनं घेताव, मग ह्यो काय आभाळातनं पडलाय?"

"आभाळातलाच आहे," मी म्हणालो, पण हळू.

"ठीक हाय," गायकवाड म्हणाले. "मग आधी कुठं?"

"आधी साताऱ्याला," मी घाईने म्हणालो.

वहिनींनी मान हलवली. "न्हाय भाऊ. जलम मुरुमात झालाय. सव्वा म्हयना बाळाला कुनी घराभाईर काडतं का?"

गायकवाडांना हसू आवरत नव्हते. असे ठरले की महाबली गुढीपाडव्यापर्यंत मुरुमला राहील. पाडव्याला मी येऊन त्याला नेईन, कारण देव न्यायला दुसऱ्या गावानेच यायचे असते. झुलीवर थोडी घासाघीस झाली. मुरुमात गोणपाट, साताऱ्यात मखमल, आणि एकाने दुसऱ्याच्या झुलीला नावे ठेवायची नाहीत. गायकवाडांनी त्याला फळीवर ठेवले, हातात टिकाव दिला आणि मान किंचित दाराकडे वळवली. म्हणाले, "तुमची वाट बघंल."

परतीच्या वाटेवर पिशवी इतकी हलकी होती की दोनदा चाचपून पाहिली. अणदूर आले. देवळाचे शिखर खिडकीतून दिसले आणि मागे गेले. नोकरीच हिशेबाची, त्यामुळे मला आकड्यांची सवय आहे. आमच्या हिशेबात वाटणी म्हणजे प्रत्येक माणसाला अर्धी वस्तू. या कोरड्या मुलखात वेगळे गणित आहे. इथे प्रत्येकाला अख्खी वस्तू मिळते, फक्त वाट पाहायला शिकावे लागते.

हे सगळे मी घरी मोठ्या समजुतीने सांगितले. आमच्या सौ.ने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे मुंडकं आणायला गेलात आणि धडही देऊन आलात."

रविवारी चौघेजण आले. त्यांनी शिसवीची रिकामी बैठक पाहिली, चहा घेतला, आणि जाताना जिन्यात हसल्याचा आवाज आला. बैठक कपाटात ठेवून द्यावी असे मनाशी ठरवून मी झोपलो.

सकाळी उठून पाहतो तो बैठक जागच्या जागी. फडक्याने पुसून लख्ख केलेली. आणि तिच्यावर जांभळ्या मखमलीची, काठाला बारीक टीप मारलेली, तळहाताएवढी झूल घडी घालून ठेवली होती.

"पाडव्याला जाताना आठवणीने न्या," स्वयंपाकघरातून आवाज आला. "त्याला गोणपाट टोचत असेल."