सुरंगीच्या गाठोड्यातली किल्ली

खाडीचं पाणी मला विचारल्याशिवाय चढत नाही, असं मी आमच्या वाडीत कित्येक वर्षं सांगत आलोय. तिथीची पाऊणपट केली की बंदरावरच्या भरतीची वेळ निघते, एवढंच त्यातलं शास्त्र. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ते येतं. पण मी ते अशा काही थाटात सांगतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, चंद्र उगवण्याआधी आमच्या ओटीवर चहा पिऊन जातो.

त्या शिमग्याला ठाण्याहून माझी थोरली बहीण आली होती. आदल्या वर्षी तिचा गुडघा बदलला. ऑपरेशनच्या आधी तिनं नवस बोलला होता: पायावर उभी राहिले, तर माहेरच्या दारात देवीची ओटी स्वतःच्या हातानं भरीन आणि आई वाहायची तशी सुरंगीची वेणी वाहीन. आमचे शिमगे तेरसे, म्हणजे त्रयोदशीला होम लागतो आणि मग ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. आमच्या दारी ती पौर्णिमेला, उन्हं कलताना येणार होती. दार उघडं असेल त्या घरी पालखी टेकते. कुलूप दिसलं की अंगणातूनच वळते, ती पुढच्या फाल्गुनातच येते. बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेली, तेव्हा घरात आम्ही दोघंच.

"सुरंगी बाजारातून आणू," मी म्हटलं. "राजापूरला गजरे मिळतात."

"बाजारातली वेणी देवीला? मग नवस पण बाजारात बोलायला हवा होता." ताईनं मला वेडाच ठरवलं. "आई कुठून आणायची?"

आई आणायची ती वरच्या अंगाहून, जिथं खाडी अरुंद होत होत दगडात शिरते आणि डोंगर सुरू होतो. तिथं काठावर सुरंगीची जुनी झाडं आहेत. पाऊलवाट आहे, पण ती नव्या गुडघ्याची नव्हे. मी छाती पुढे काढून म्हटलं, "होडीनं नेतो. भरतीबरोबर जायचं, ओहोटीबरोबर यायचं. वल्हं नुसतं हातात धरायचं, शोभेला."

पौर्णिमा, म्हणजे पंधराची पाऊणपट. सव्वाअकराला भरती पुरी. सकाळी उजाडल्यावर शेजारच्या काकांची होडी घेतली, घराला कुलूप लावलं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. मी इतकी घाई केली, की ताईची कापडी पिशवी ओटीवरच राहिली.

जाताना मजा आली हे कबूल करायला हवं, कारण पुढं फारशी येणार नव्हती. पाणी खरोखरच नेत होतं. दोन्ही काठांना पांगारा पेटलेला. पान एक नाही, नुसती लाल फुलं, आणि त्यात साळुंक्यांचं असं भांडण, की ग्रामसभा बरी. सावरीची जाड गुलाबी फुलं वरून टपाटप पाण्यात पडत होती. एक माझ्या डोक्यावर पडलं आणि त्याच्या वजनानं होडी चार बोटं खाली बसली असं मी सांगतो. ताई दोन बोटं म्हणते. वळणावर करवंदीची जाळी पांढरी झालेली, तिचा वास पाण्यावर येत होता. ताई हात पाण्यात सोडून बसली होती. गुडघा पुढे ताठ ठेवलेला, त्याच्याखाली माझा टॉवेल.

मधूनच म्हणायची, "किती वाजले रे?"

"तू फुलं बघ."

"फुलं बघतेय. वाजले किती?"

वर पोचलो तेव्हा सुरंगीचं झाड दिसायच्या आधी ऐकू आलं. इतक्या मधमाश्या, की खोडाच्या आत कुणी पिठाची गिरणी लावली असावी. फुलं फांदीला चिकटून फुटतात. वेणीला मात्र मिटलेल्या कळ्या लागतात, आणि त्या उन्हाच्या आत काढाव्या लागतात. मी चढलो. वय विसरून चढलो, आणि उतरताना वयानं मला ओळखलं. ताई खालून सूचना देत होती, "ती नको, उमललीय. वरची. त्याच्या वरची. पडशील मेल्या, तिथंच थांब. पण त्याच्या वरची काढ."

कळ्या ठेवायला पिशवी नाही. मी शर्ट काढला, बाह्यांना गाठ मारून त्याचं गाठोडं केलं आणि बनियनवर राहिलो.

परत निघायची वेळ झाली, तेव्हा मी पाण्याकडे बघितलं. पाणी अजून चढत होतं. दगडावरची ओली रेघ बुडत होती. मी म्हटलं, "अजून तास आहे. ये, हात धर, जवळच अंजनी फुललीय, दाखवतो."

इथंच माझं शास्त्र बुडालं. सव्वाअकराचा हिशेब बंदराचा. खाडीत आत भरती उशिरा पोचते, हे मला माहीत होतं. पण वरती पाणी चढत असताना तिकडे खाली ते उतरायलाही लागलेलं असतं, आणि पौर्णिमेला ते नेहमीपेक्षा फार खाली जातं, हे माहीत असूनही डोक्यात आलं नाही. मी डोळ्यासमोरच्या भरल्या पाण्यावर भरवसा ठेवला आणि डोंगराकडे तोंड केलं.

अंजनी मात्र बघण्यासारखी होती. काळ्या कातळाच्या खाचेत झुडूप, आणि त्याच्या काटक्यांना निळीजांभळी बारीक फुलं. वाटावं, कुणी निळीच्या बादलीत बुडवून वाळत घातलंय. ताईनं एक काटकी जवळ ओढून बघितली. मग म्हणाली, "चाळीस वर्षं हिला विसरले होते." आणि लगेच, "चल आता. देवी दारी यायच्या आत पोचायला हवं."

खाली येताना पहिल्या वळणापर्यंत मी गात होतो. दुसऱ्या वळणावर गाणं थांबलं, कारण वल्हं चिखलाला लागलं. तिसऱ्या वळणाच्या पुढे वाळूचं भाट उघडं पडलं होतं. होडी त्याच्यावर जाऊन अशी बसली, की जणू तिचंच माहेर ते.

मी उतरलो, ढकललं. होडी हलली नाही, मी हललो. पार मांडीपर्यंत आत गेलो.

तिथं मोबाईलला रेंज आली आणि वाडीच्या ग्रुपवरचे फोटो धडाधड पडायला लागले. देवी खालच्या आवाठात, तिकडच्या घरांपुढं. देवी शाळेजवळच्या घरी. देवी पिंपळाखाली. ताई एकेक फोटो मोठा करून बघत होती.

"ही गुरवाची बायको. म्हणजे विहिरीपर्यंत आले. आपलं घर विहिरीनंतर किती?"

"पुष्कळ," मी म्हटलं. चारच होती.

भाटावर दोन बाया वाळू उकरून तिसऱ्यांचे शिंपले काढत होत्या. त्यातली एक कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय वो, होडी इथं पिकायला घातलीव?"

"देवीला वाट बघायला लावलीन ह्यानं," ताई म्हणाली.

"मग बसून देवी येणार हाय काय इथं?"

ढोल ऐकू येत होता. थांबायचा, तेव्हा देवी कुणाच्या तरी अंगणात टेकलेली असायची. पुन्हा सुरू झाला, की एक घर गेलं. माझ्या छातीत तोच ढोल, फक्त न थांबता. मी ताईकडे पाठ करून शेजारच्या काकूंना मेसेज लिहिला: पालखी थोडी रेंगाळवा, पोरांना कोकम सरबत पाजा, आम्ही येतोय. पाठवला. ताईला सांगितलं असतं तर तिनं मला तिथंच भाटात पुरलं असतं. देवीला थांबवायला काय ती एसटी आहे?

वळून बघतो तर ताई होडीच्या काठावर बसून चप्पल काढत होती.

"ताई, गुडघा."

"ह्यासाठीच बदललाय. चालीन म्हणून बोलले होते, होडीत बसून येईन म्हणून नाही. धर हात."

होडी वल्ह्याला बांधली, वल्हं चिखलात रोवलं आणि निघालो. भाट वरून ओलं, खाली टणक. कडेला मात्र चिखल. ती एक पाय टाकायची, थांबायची, चेहरा बघू द्यायची नाही. मी एका हातानं तिला धरलेलं, दुसऱ्या हातात गाठोडं डोक्याच्या वर. नवा गुडघा त्या चिखलातून बाहेर येताना जो आवाज करत होता, तो मी आजही जेवताना आठवत नाही. काठ आला. काठावरून आमची दगडी पायऱ्यांची पाखाडी. पाखाडीवर ढोल थांबला, आणि पुन्हा सुरूच होईना.

"गेली," ताई म्हणाली. एवढंच.

वर आलो. पालखी आमच्या अंगणात होती. खांद्यावर नव्हती, तुळशीपुढं टेकलेली. खांदेकरी पोरं अंगणभर बसलेली, दाराला कुलूप तसंच. एक मानकरी म्हणाले, "कुलूप बघून वळत होतो. पालखी जड झाली. चौघांना उचलंना. म्हटलं बसू दे तिला."

ताईनं हात जोडले. मी मनात म्हटलं, काकूंचं सरबत चांगलंच उतरलेलं दिसतंय.

"दार उघड," ताई म्हणाली. "ओटीचं ताट आत आहे."

मी खिशात हात घातला. खिसा नव्हता. बनियनला कुठून असणार? चिखल, भाट, होडी, झाड सगळं डोळ्यांपुढून उलटं फिरलं. सगळी वाडी बघत होती. वाडीनं माझ्या इतक्या गोष्टी ऐकल्यात, की ह्यालाही गोष्टच समजली असती. ताईनं माझ्या हातातलं गाठोडं ओढून घेतलं, पायरीवर सोडलं आणि कळ्यांत कोपरापर्यंत हात घातला. निम्म्या कळ्या वाटेतच उमलल्या होत्या. त्यांतून, पिवळे केसर लागलेली, किल्ली निघाली.

वेणी करायला वेळ नव्हता. ताईनं चिखलाच्या पायांनी उंबऱ्यात उभं राहून ओटी भरली आणि कळ्या ओंजळीनं वाहिल्या. मी पाय धुवायला तांब्या पुढं केला, तिनं बघितलाही नाही. मग पोरांनी पालखी उचलली. सहज उचलली.

संध्याकाळी काकूंकडे गेलो, आभार मानायला. म्हटलं, "सरबताचं बरं सुचलं तुम्हाला."

"कसलं सरबत?"

मी फोन काढला. मेसेजवर एकच टिक होती. काकूंचा फोन दुपारपासून चार्जिंग संपून फडताळावर पडलेला.

ही हकिगत मी वाडीत सांगतो, तेव्हा सावरीच्या फुलानं बुडालेली होडी लोकांना पटते. पिठाची गिरणी पटते. मेसेजची एक टिक आली की माणसं हसतात आणि म्हणतात, आता मात्र फार झालं. ताई हसत नाही. किल्लीला अजून सुरंगीचा वास येतो असं ती ठाण्याहून फोनवर सांगते, आणि मी कुलूप लावताना दर वेळी किल्ली नाकाशी नेतो. येतो की नाही, ते माझ्याच्यानं सांगवत नाही.