आधी काय पाजलंय विचारणाऱ्या त्रिशलाक्का

दोन हजार सोळा साल. माझं वय सदुसष्ट. त्या वर्षी मी जीप विकली आणि एक वापरलेली छोटी पांढरी गाडी घेतली. मुलगा म्हणाला, आता बसा घरी. मी बसलो नाही. हुपरीच्या चांदीवाल्यांना कोल्हापुरात आणायचं, स्टेशनवरच्या पावण्यांना जोतिबाला न्यायचं, हेच काम मी जीपवर करत आलो होतो. तेच या गाडीवर चालू केलं. थोड्याच दिवसांत जोतिबाचा घाट चढताना गाडी तापली. मेस्त्री म्हणाला, कूलंट कमी झालंय, उद्यमनगरातनं डबा घेऊन या. जीपच्या रेडिएटरात मी आयुष्यभर दिसेल ते पाणी ओतलं होतं. इंजिन गार ठेवायला डब्यातलं पाणी विकत घ्यायचं हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं. तरी गेलो.

दुकानात काउंटरमागं उंच लाकडी स्टुलावर एक बाई बसल्या होत्या. माझ्याच वयाच्या, डोक्यावर पदर, शेजारी तांब्याची छोटी कळशी, तिच्या तोंडाला दुहेरी पांढरं फडकं. स्पेअर पार्टच्या दुकानात बाई बघून मी त्यांच्या मागं नजर टाकली.

"कुणाला हुडकताय, पावणं?"

"मालक न्हाईत?"

"मालक फोटोत हाईत. मी हाय. बोला."

भिंतीवर खरंच हार घातलेला फोटो होता. मी म्हटलं, "हिरवं कूलंट द्या एक डबा."

त्यांनी गाडी कुठली विचारलं, सांगितली. साल विचारलं, सांगितलं. मग म्हणाल्या, "आधी काय पाजलंय तिला?"

"तुमाला काय करायचंय? हिरवं द्या म्हणतोय न्हवं."

"हिरवं पायजे तर मंडईत जावा. मेथी चांगली आलीया."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मी म्हटलं, "बाई, मिसरूड फुटायच्या आधीपासनं गाडी चालवतोय मी."

"चालवताय ते दिसतंय की. तिच्या पोटात काय हाय ते ठावं हाय का, एवढंच इचारलं."

मी तडक बाहेर पडलो आणि पुढच्या दुकानात गेलो. तिथल्या दुकानदारानं एका हातात हिरवा डबा धरला, दुसऱ्या हातात लाल. "कुठला देऊ?" मी म्हटलं, गाडीला कुठला लागतोय? तो म्हणाला, "रंग तुमचा तुमी सांगा." मी परत त्या स्टुलावरच्या बाईंकडं, म्हणजे त्रिशलाक्कांकडं, आलो. त्यांचं पटलं म्हणून नव्हे. त्या दुकानदाराला शिव्या द्यायला समोर कुणीतरी जाणतं माणूस पाहिजे होतं म्हणून.

त्यांनी माझ्या शिव्या शांतपणे ऐकून घेतल्या. मग म्हणाल्या, "गाडी आणा दारात." गाडी आणली. मी बॉनेट उघडून टोपणाला हात घातला, तेवढ्यात माझ्या मनगटावर फटका बसला. "गरम हाय ती. तोंड भाजून घ्यायचंय का? बसा." आणि मला बाकावर बसवलं. चहा मागवला. माझा चहा झाला, दुसरा झाला, इंजिन गार होईपर्यंत त्यांनी टोपणाला हात लावू दिला नाही. मग स्वतः स्टुलावरून उतरल्या, पांढऱ्या चिंधीचं टोक टाकीत बुडवलं आणि उन्हात धरलं. चिंधी गंजानं तांबूस झाली होती.

"कुणी पाणी घातलं ह्यात?"

"मी. घाटात तापली म्हणून."

"कुठलं?"

"बोअरचं."

"बोअरचं पाणी तुमी पिता?"

"न्हाय. खारट लागतंय."

"मग तिला का पाजलं?"

मी म्हटलं, जीप तर पीत होती. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्या मेस्त्रीनं सांगितलं नव्हतं. अक्कांचं माहेर हुपरीचं. घरात पैंजणं जोडायचं काम, आणि लहानपणापासून त्या चांदीला डाग देऊन सांधायच्या भट्टीजवळ बसलेल्या. कुठला धातू कशानं उजळतो, कशानं खाल्ला जातो, हे त्यांनी शाळेच्या आधी शिकलेलं. "तुमच्या जीपचा रेडिएटर तांब्या-पितळंचा. लई सोसायचा. हिचा ॲल्युमिनियमचा. परत्येकाचं सोसणं निराळं असतंय, पावणं. चांदी उजळायच्या तेजाबाच्या पाण्यात ॲल्युमिनियम टाकून बगा, काय उरतंय ते."

त्या दिवशी त्यांनी सगळी टाकी रिकामी करायला लावली. आतून बॅटरीत घालतात त्या शुद्ध, डिस्टिल्ड पाण्यानं धुवायला लावली, पुन्हा एकदा धुवायला लावली, आणि मग डबा दिला. त्यातलं कूलंट लाल होतं. मी म्हटलं, आधीचं तर हिरवट होतं. "रंग कंपनीवाला घालतोय, गाडी न्हाय घालत," त्या म्हणाल्या. "एकाचं हिरवं ते दुसऱ्याचं गुलाबी. रंगावर जायचं न्हाय."

पाणी हा अक्कांचा धर्माचाच विषय होता. जैनाघरची बाई. उकळून, दुहेरी फडक्यातून गाळून घेतलेलं घरचं पाणी कळशीतून आणायच्या, तेच प्यायच्या. दिवस मावळायच्या आत जेवण, त्यानंतर पाण्याचा थेंबही नाही, वैशाखातसुद्धा. संध्याकाळी एखादा ड्रायव्हर धावत आला तर म्हणायच्या, "लवकर सांगा, मला जेवायला जायचंय, आणि तुमची गाडी काय पळून जात न्हाय." मी एकदा चेष्टेनं म्हटलं, अक्का, तुमी स्वतःपेक्षा गाडीचं पाणी जास्त गाळता. त्या म्हणाल्या, "मला तोंड हाय, वाईट लागलं तर थुकीन. तिला कुठं थुकता येतंय?"

एकदा बिद्रीकडचा एक ऊसवाला नवी कोरी मोठी गाडी घेऊन आला. गॉगल, हातात कडं. म्हणाला, गुलाबी कूलंट द्या, मित्राच्या गाडीत गुलाबी हाय. अक्का म्हणाल्या, "साडी घ्यायला आलायसा काय?" गाडीबरोबर आलेलं पुस्तक त्यांनी त्याला आणायला लावलं. ते प्लास्टिकच्या पिशवीतून अजून बाहेर निघालं नव्हतं. पान काढून दिलं त्याला. त्याच्या गाडीत होतं ते वेगळ्या जातीचं निघालं. तो म्हणाला, मग थोडं हे, थोडं ते, वरनं ओतलं तर? दोन्ही चांगल्या कंपनीची हाईत की. अक्का म्हणाल्या, "दूधबी चांगलं, लिंबूबी चांगलं. एकत्र करून पाजा तुमच्या बारक्याला." त्याचा चेहरा बघून मी बाकावर लोळायचा राहिलो होतो. मिसळलेलं कूलंट आत साकळतं आणि बारीक नळ्या तुंबवतं, हे त्यांनी नंतर त्याला नीट समजावून सांगितलं. पण आधी बोलणं ऐकवायच्या. त्याशिवाय माणूस ऐकत नाही, असं त्यांचं म्हणणं.

तोवर मी "पावणं"चा "तात्या" झालो होतो. काम नसलं की मी बाकावर जाऊन बसायचो. माझी शाळा चौथीपर्यंत. मराठी वाचतो, इंग्रजी नाही. हे मी कुणाला सांगत नाही. अक्कांनी ते कधी ओळखलं माहीत नाही, पण एक दिवस काउंटरच्या काचेवर ओल्या बोटानं त्यांनी डब्यावर छापलेल्या इंग्रजी अक्षरांच्या तीन खुणा काढल्या. "ही गोल भाकरी. हा तंबू. हा वर आडवी पट्टी असल्याला खांब. तुमच्या गाडीचं कूलंट हेच. ह्या तिघांच्या आधी शिडी उभी असंल तर ते दुसरं, घ्यायचं न्हाय. आणि तिघं नसलीच तर मग कुणी देव म्हणून दिलं तरी न्हाय." मला शिकवताहेत असं त्यांनी तोंडावर दिसू दिलं नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत बोलतच काढल्या. मीही शिकतोय असं दिसू दिलं नाही.

करोना होऊन गेल्यावर अक्कांचा मुलगा अजित यानं दुकान नवं केलं. काचेची दारं, दिवे, फळ्यांवर रंगाप्रमाणं डबे. हिरव्यांची एक रांग, लालांची एक, निळ्यांची एक. गिऱ्हाइकाला बघायला बरं. अजित चांगला मुलगा, पण अक्कांना "आई, आता घरी बस" म्हणायचं त्याचं रोजचं झालं होतं. तरी अक्का स्टुलावर येऊन बसायच्या.

नवीन मांडणी झाली त्याच आठवड्यात मी कूलंट बदलायला गेलो. अक्कांनी नेहमीचे प्रश्न विचारले, मलाही, दरवेळी विचारायच्या तसेच. मग न वळता हात मागं नेला आणि जिथून नेहमी डबा निघायचा तिथूनच डबा काढून काउंटरवर ठेवला. लाल होता. मी सवयीनं फिरवून बघितला. तंबूही नव्हता, खांबही नव्हता.

"अक्का, हे माझं न्हवं."

"तुमचंच हाय. एवढं कळतंय मला."

दुकानात दोन माणसं होती. अजित हिशेब करता करता थांबला. मी अक्कांच्या डोळ्यांकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत होत्या, पण माझ्या खांद्याच्या जरा बाजूला. मला तेव्हा समजलं की ही बाई कित्येक दिवस डोळ्यांनी नव्हे, हाताच्या सवयीनं दुकान चालवत होती. डबा घेऊन गप बाहेर पडता आलं असतं. दुसरीकडून बरोबर डबा आणला असता, कुणाला कळलं नसतं. पण माझ्या मागं उभा असलेला माणूस डबा फिरवून बघणार नव्हता.

मी म्हटलं, "अक्का, तुमाला दिसंना झालंय."

अक्का स्टुलावरून उतरल्या, कळशी उचलली, काउंटरच्या कडेला हात लावत लावत मागच्या दारानं घराकडं गेल्या. घर मागच्याच गल्लीत. अजित माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "तात्या, बरं केलासा. माझं ऐकत नव्हती." त्यानं असं म्हणायला नको होतं. त्यानं दिलेला चहा मी घेतला नाही.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "चारचौघांत सांगायचं? तुमची जीभ म्हंजे काय हो. तिचं ते स्टूलच तेवढं उरलंय." मी म्हटलं, खोटं बोललो का? ती म्हणाली, "खोटं कोण म्हणतंय." आणि भांडी घासायला गेली.

दिवस मावळायच्या आधी मी अक्कांच्या घरी गेलो. मावळल्यावर त्यांच्याकडं जाऊन उपयोग नव्हता. पाणीसुद्धा विचारता येत नाही म्हणून त्यांना वाईट वाटायचं. त्या दारातल्या पायरीवर बसल्या होत्या.

"बसा, तात्या."

मी बसलो. माफी मागायला गेलो नव्हतो.

"काचबिंदू हाय," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतोय, गेलं ते परत येत न्हाय. मधलं तेवढं दिसतंय, तेबी धुरकट. अज्याला सांगिटलं न्हाय. सांगिटलं असतं तर त्याच दिवशी स्टूल माळ्यावर."

"मी बोललो ते..."

"बरं केलं. तुमी बगितलं म्हणून कळलं. आणि किती जणांनी बगितलं नसंल, तेच मोजत बसलीया दुपारपासनं." त्यांनी पायरीवरनं हात फिरवला. "पण तात्या, मी घरात काय करू? भिंतीला इचारू काय, आधी काय पाजलंय म्हणून?"

त्यांच्या तोंडून असलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "अजितला सांगतो. फळी पयल्यासारखी लावायला लावतो. तुमचा हात चुकायचा न्हाय."

"नगं," त्या एकदम म्हणाल्या. "हात लई खोटं बोलतो. आज फळी हलली म्हणून चोरी सापडली. उद्या कुणी एक डबा इकडचा तिकडं ठेवला तर? बगणारं माणूस पायजे."

"अजित हाय की."

"अज्या रंग बगतोय."

तुमी बगाल का, असं त्यांनी विचारलं नाही, आणि मी बघतो असं मी सांगितलं नाही. आम्ही दोघंही असले, विचारायचं नाही, सांगायचं नाही. ऊन भिंतीवरून उतरलं तशा त्या जेवायला उठल्या आणि मी घरी आलो.

मी आयुष्यात कुणाच्या हाताखाली काम केलेलं नाही. जीप माझी, गाडी माझी, पावण्याला न्यायचं की नाही ते मी ठरवणार. कुणी दार उघडायला सांगितलं तर म्हणायचो, हात हाईत की तुमाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, धुतलेली टोपी घातली आणि अजित शटर वर करत होता तेव्हा दुकानात पोचलो. तो म्हणाला, "तात्या, गाडीला काय झालं?" मी म्हटलं, "गाडीला काय न्हाय. सरक." आणि काउंटरच्या आतल्या बाजूला, फळ्यांजवळ जाऊन उभा राहिलो. तो काही बोलणार होता. तेवढ्यात मी म्हटलं, "तुझ्या आईला घेऊन ये. स्टूल हितंच हाय म्हणून सांग."

अक्का आल्या. कळशी ठेवली, स्टुलावर चढल्या, पदर सारखा केला. मागं कोण उभं आहे ते विचारलं नाही. दुधाच्या टेम्पोचा एक ड्रायव्हर आला. त्यांनी त्याला गाडी विचारली, साल विचारलं, आधी काय पाजलंय ते विचारलं, आणि तो आठवून आठवून सांगेपर्यंत थांबल्या. मग मान न वळवता मला म्हणाल्या, "शिडीवालं काढा. सावकाश बगा. गिऱ्हाईक कुठं जात न्हाय."

मी खिशातून चष्मा काढला, टोपीच्या टोकानं पुसला, आणि वरच्या फळीपासून सुरुवात केली.